पानं गळाली म्हणून रोप उपटू नकोस

भावा, माशांच्या टाकीत रोपं लावायचीत ना, मग सीओटू (रोपांसाठी पाण्यात सोडायचा कार्बन डायऑक्साइड वायू) सिलिंडरच्या नादाला आत्ताच लागू नकोस. जावा फर्न आणि अनुबियास ही पाण्यात वाढणारी रोपं घे. त्यांचं आडवं जाड खोड मात्र वाळूत पुरू नकोस, कुजतं. दगडाला दोऱ्यानं बांध. क्रिप्टोकोरायनी हे दुसरं पाण्यातलं रोप लावलंस की आठवड्याभरात पानं लिबलिबीत होऊन विरघळतील. मी पहिल्यांदा घाबरून सगळी उपटून फेकली, आणि मुळं बघतो तर पांढरी, टणक! तशीच राहू दिली तर महिनाभरात नवी पानं फुटतात. दिवा रोज 6-7 तास, टायमर लावूनच. जास्त झाला की काचेवर शेवाळ आलंच. नळाचं पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेव, क्लोरीन उडून जातो. आणि सांगलीचा मे महिना माहितीय ना? टाकी पश्चिमेच्या खिडकीपाशी अजिबात नको.