प्रश्न ग्राफिक्स कार्डाचा, दुखणं दुसऱ्याच कार्डाचं

नाशिकहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय २७, हातात पगार ३८,०००, घरी आई. गेमिंगसाठी १७,००० चं आरटीएक्स ३०५० (६ जीबी) ग्राफिक्स कार्ड घेऊ की २१,००० चं आरएक्स ६६०० (८ जीबी)? क्रेडिट कार्डावर ९ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयने घेणार. यूट्यूबवर स्ट्रीमिंग सुरू केलं की हप्ता त्यातूनच सुटेल, असा हिशोब.

आरएक्स ६६०० घ्या. ३०५० नावाची दोन कार्डं आहेत: २०२२ चं ८ जीबीचं आणि २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं. नाव तेच, पण दुसऱ्यात कोर (काम करणारे भाग) कमी आणि मेमरी बस (मेमरीकडे जायचा रस्ता) १२८ ऐवजी ९६ बिटची. खोक्यावरचा आकडा बघून माणूस घरी नेतो. ६ जीबीवाल्याची खरी सोय एकच, ७० वॉटवर भागतं आणि बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही. स्ट्रीमिंगला ३०५० बनवणाऱ्या एनव्हिडियाचं एन्कोडिंग (पाठवण्यासाठी व्हिडिओ लहान करणं) सरस, हे मान्य. पण तुमचे सबस्क्रायबर ३४०. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० लागतात, शिवाय वर्षभरात ४,००० तासांचा वॉच टाइम. हप्ता पगारातूनच जाणार आहे, असंच धरा.

आता पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य. ‘कार्डावर ८४,००० बाकी आहे, पण मिनिमम ड्यू मी कधीच चुकवत नाही.’ मिनिमम ड्यू म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम. हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय.

महिना साडेतीन टक्के धरा. ८४,००० वर व्याज २,९००, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण ३,५००. तुम्ही भरता ४,२००. मुद्दल फिटतं ७००! वर्षाला ४२ टक्के, जीएसटी वेगळाच. आणि बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, त्यामुळे त्या कार्डावरचं पेट्रोलसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याजी. नो-कॉस्ट ईएमआयचा हप्ता दर महिन्याच्या मिनिमम ड्यूमध्ये अख्खा जमा होईल. प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी भराल तो वेगळा.

ही बाकी आली कुठून? बँकेतल्या बाईंनी ‘एफडीसारखीच, वर विमा फुकट’ म्हणून दिलेल्या पॉलिसीचे ४८,००० चे दोन वार्षिक हप्ते तुम्ही याच कार्डावरून भरलेत. पॉइंट मिळतात म्हणून! १२ वर्षांत ५ लाख ७६ हजार भरायचे, विसाव्या वर्षी साडेअकरा लाख हातात. पैसे दुप्पट दिसतात, पण परतावा पडतो ५ टक्क्यांच्या आत. ५ टक्के मिळवायला ४२ टक्क्यांनी उसने घेतलेत. आणि कव्हर किती? ४ लाख ८० हजार. तुमच्यामागे आईचं एक वर्ष नीट निघेल, फार तर दीड. त्या बाईंचं टार्गेट मात्र पूर्ण झालं.

तुमच्याकडे १ लाख १० हजारांची एफडी आहे, ‘अडीअडचणीला’. अडचण आलेली आहे. एफडी मोडा, दंड म्हणून व्याजातला एखादा टक्का जाईल, जाऊ दे. ८४,००० एकरकमी भरा, उरलेले २६,००० बचत खात्यात ठेवा. स्टेटमेंटच्या तारखेपासून पैसे भरेपर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येईल, त्याने दचकू नका. तेही पूर्ण भरून टाका.

पॉलिसीचा तिसरा हप्ता मार्चमध्ये आहे. त्याआधी ५० लाखांचा साधा टर्म विमा (मृत्यू झाला तरच पैसे देणारा) काढा. तुमच्या वयाला, सिगारेट ओढत नसाल तर, वर्षाला सात-आठ हजारांत बसावा. तो हातात आल्यावरच जुनी पॉलिसी सोडायची. कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू (आज सोडली तर मिळणारे पैसे) आणि पेड-अप व्हॅल्यू (पुढे हप्ते न भरता चालू ठेवली तर मिळणारी रक्कम) दोन्ही लेखी मागवा. बाई फोन करून ‘सर, अजून तीनच वर्षं भरा’ म्हणतील. आकडा कागदावर द्या, एवढंच सांगा.

मिनिमम ड्यूचे ४,२०० सुटले, पॉलिसीचे महिना ४,००० सुटले, त्यातून टर्मचे महिना सहा-सातशे वजा. साडेसात हजार उरतात. ग्राफिक्स कार्ड २१,००० चं, एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) बदलावा लागला तर आणखी साडेतीन हजार: चार महिन्यांत रोख. पाचव्या महिन्यापासून तेच साडेसात हजार बचत खात्यात, मोडलेली एफडी भरून निघेपर्यंत. तोवर एका रविवारी कॅबिनेटचं झाकण उघडून बघा, एसएमपीएसला ८ पिनची केबल आहे का. आरएक्स ६६०० ला ती लागते. आणि कंपनीचं नाव नसलेला ४५० वॉटवाला असेल, तर केबल असली तरी बदलाच.