९४ हजार झालेली थंडरबर्ड: इंजिन उघडण्याआधी बाकीचं बघा

नंतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात परत मांडतो. गाडी २०१४ ची रॉयल एनफिल्ड थंडरबर्ड ३५०, मुक्काम फोंडा, मीटर ९४ हजारांवर. रोज फोंडा-पणजी, आणि पाऊस सरला की लांबच्या एक-दोन फेऱ्या: हंपी, पंढरपूर, कधी पुणे. मेकॅनिक म्हणतो, "एवढी पळालीय, आता इंजिन उघडून बोअर-पिस्टन करून टाकू." म्हणजे सिलिंडर आतून घासून नवा पिस्टन बसवायचा. घरचे म्हणतात विकून टाका. तुम्हाला विचारायचंय की आणखी पाच-सहा वर्षं ही गाडी भरवशाने लांब नेता येईल का.

येईल. फक्त मेकॅनिक सांगतोय तिथे पैसे घालू नका, निदान इतक्यात तरी नको. आपल्याकडे गाडी पळून कमी आणि खाऱ्या हवेने, पावसाने, उभी राहून जास्त म्हातारी होते. पणजीत पिवळ्या मडगार्डवाल्या पायलटांच्या, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्यांच्या, गाड्या बघा. दिवसभर चालू-बंद, मागे सतत कुणीतरी बसलेलं. तुमच्या-माझ्यासारख्यांच्या मानाने कितीतरी जास्त किलोमीटर होतात, तरी त्या पळतात. त्यांच्याशी चहा पिता पिता बोलून बघा, तक्रार वायरिंगची असते, बेअरिंगची असते, केबलची असते. इंजिनाचं नाव फार उशिरा निघतं.

आधी इंजिनाचं निपटवू. उघडायचं की नाही हे मीटरवरच्या आकड्यावरून ठरवत नाहीत. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर निळसर धूर येतो आणि थोड्या वेळात थांबतो, तर व्हॉल्व्हचे सील गेलेत. चढावर पिळल्यावर मागे निळा पट्टा राहतो, तर पिस्टनच्या रिंगांवर संशय घ्या. धूर नसेल तर तेल किती खाते ते मोजा. मधल्या स्टँडवर सपाट जागी उभी करा, तेलाच्या काचेचा मोबाइलने फोटो काढा, हजार किलोमीटरनंतर त्याच जागी तशाच तापलेल्या (किंवा तशाच थंड) इंजिनावर पुन्हा बघा आणि पातळी मूळ जागी आणायला किती मिली ओतावं लागलं ते लिहून ठेवा. हवेवर थंड होणारं जुनं इंजिन थोडं तेल पितंच, शंभर-दीडशे मिलीला मी भीक घालत नाही. अर्धा लिटर लागत असेल तर मेकॅनिक बरोबर.

शेवटचा पुरावा कॉम्प्रेशन टेस्टचा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती बनतो ते मोजायचं. प्लगच्या जागी गेज लावून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून घ्यायची. आकडा कमी आला तर त्याच भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत घ्यायची. आता वाढला तर रिंगा-सिलिंडर, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. एवढं न करता "उघडून बघू" म्हणणाऱ्याकडून गाडी परत आणा. फॅक्टरीत बसलेलं इंजिन एकदा उघडलं की पुढे गॅस्केट गळणं, बोल्टचे आटे जाणं हे सगळं त्या हातांवर अवलंबून.

या इंजिनात टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) हायड्रॉलिक आहेत, सेटिंग करायचं नसतं. थंड असताना थोडी टकटक होऊन थांबली तर कुणाला हात लावू देऊ नका. तेल १५डब्ल्यू५०, डब्यावर जासो एमए लिहिलेलंच हवं, कारण क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. कारचं तेल घातलंत तर क्लच घसरायला लागेल. सुट्या भागांची काळजी सोडा. थंडरबर्ड २०२० मध्ये बंद झाली, पण हेच इंजिन बुलेटमध्ये २०२३ पर्यंत येत होतं. इंजिनाचे पार्ट मिळत राहतील. मिळणार नाहीत ते थंडरबर्डचे स्वतःचे: टाकी, हेडलाइट, मीटर. ते कुठे चांगल्या हालतीत दिसले तर घेऊन ठेवा.

आता जिथे खरंच जीव अडकतो ते. वायरिंग.

सीट काढा, साइड पॅनेल काढा आणि रेग्युलेटर-रेक्टिफायरचा (इंजिनावर तयार होणारी वीज बॅटरीजोगी करणाऱ्या डब्याचा) कनेक्टर शोधा. अल्टरनेटरकडून येणाऱ्या जाड वायरी ज्या प्लास्टिकच्या ठोकळ्यात जातात तो. खटका दाबून सोडवा आणि उन्हात धरून आत बघा. पिना पिवळ्या चकचकीत दिसायला हव्यात. आपल्याकडच्या दहा वर्षांच्या गाडीत बहुतेक वेळा हिरवट बुरशीसारखा थर असतो आणि एखादी पिन तपकिरी पडलेली असते, तिच्याभोवतीचं पांढरं प्लास्टिक पिवळं पडून किंचित वाकलेलं. बंद पडण्याची सुरुवात इथून होते. पिनेवर गंज आला की तिथे विरोध वाढतो, विरोध वाढला की जागा तापते, तापली की गंज आणखी चढतो. रोजच्या जाण्या-येण्यात कळत नाही. चोर्ला चढून बेळगावच्या पुढे हायवेला तीन-चार तास एकसारखी चालली, हेडलाइट चालू, की तो ठोकळा वितळतो, चार्जिंग थांबतं, आणि जेवायला थांबलात की गाडी परत चालू होत नाही. लोक नवी बॅटरी घालतात, तीही पुढच्या गावात मरते.

उपाय स्वस्त आहे. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करायच्या, तपकिरी झालेली पिन आणि तिच्यामागची काळी पडलेली वायर कापून नवी घालायची, आणि डायलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं, ओल अडवणारं) भरून बंद करायचं. हेच सगळ्या कनेक्टरना, आणि खास करून अर्थच्या बोल्टला. तिथला रंग-गंज खरवडून धातूला धातू टेकला पाहिजे. एक साधा मल्टीमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी. चालू करून थोडी रेस दिल्यावर १३.८ ते १४.५. त्याच्या खाली राहिली तर चार्जिंगमध्ये खोट, फार वर गेली तर रेग्युलेटर गेला आणि तो बॅटरी उकळवणार. जाता जाता एक: मरतुकड्या बॅटरीवर सेल्फ मारत बसू नका. या इंजिनाला बॅटरी कमी असताना उलटा झटका बसतो आणि तो स्प्रॅग क्लचवर (सेल्फची मोटर इंजिनाला जोडणारा भाग) येतो, म्हणजे मोठा खर्च. बॅटरी कमी असेल तेव्हा किक मारा.

दुसरी जागा बेअरिंगची. इथे आपला शत्रू सर्व्हिस स्टेशनचा प्रेशर पाइप आहे. चिखल काढायच्या नावाखाली तो हबमध्ये आणि हँडलच्या गळ्याशी पाणी घुसवतो, ग्रीस धुऊन जातं, आणि आत गंज चढतो. पावसाळा संपला की दिवाळीच्या आसपास हे बघाच. मधल्या स्टँडवर लावून पुढचं चाक अधांतरी करा, हँडल दोन बोटांनी सावकाश एका टोकाकडून दुसरीकडे न्या. बरोबर मध्ये, सरळ रेषेत आल्यावर खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेला. सरळ रस्त्यावर गाडी बारीक बारीक दिशा सोडते आणि लोक टायरला दोष देतात, ते याचमुळे. मग चाकाला वरून-खालून धरून हलवा, खुळखुळ आली तर व्हील बेअरिंग. मागच्या फोर्कला, म्हणजे स्विंगआर्मला, दोन्ही हातांनी आडवं ढकला. मागच्या हबमधले रबर काढून बघा. ते चपटे झाले की गिअर बदलताना धक्के बसतात आणि चेन विनाकारण मरते. हे सगळं मिळून बोअर-पिस्टनच्या कितीतरी खाली बसतं.

चेन: मागच्या चाकाच्या स्प्रॉकेटवर चेन मागे ओढून बघा, अर्ध्याहून जास्त दात उघडा दिसला तर सेट बदला, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, तिन्ही एकदम. ढिलाई २५ ते ३० मिमी.

ब्रेक ऑइलकडे मात्र कुणी बघत नाही. ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि आपल्याकडे ओलीला काय तोटा. डॉट ४ चं ताजं तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल प्यालेलं १५५ ला उकळू शकतं. अंबोली किंवा अनमोड उतरताना मागे बायको आणि दोन बॅगा असल्या की ब्रेक धरून धरून तापतात, तेल उकळलं की लिव्हर मऊ लागतो आणि हँडलपर्यंत येतो. दर दोन वर्षांनी बदला, गाडी कितीही कमी चालली असली तरी. मागेही डिस्क आहे हे विसरू नका. त्याच वेळी कॅलिपरच्या पिना काढून ग्रीस करून घ्या, त्या जाम झाल्या की एकच पॅड झिजत राहतो. झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच तेल घाला.

खाऱ्या पाण्याचं थोडं वेगळं सांगतो. समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेणारे सावध असतात, फेरीबोटीवर नेणारे नसतात. रायबंदरहून चोडणला जाताना भरतीच्या वेळी धक्क्याच्या उतारावरून चाक मांडवीच्या खाऱ्या पाण्यातून जातं आणि तेच पाणी ब्रेक पेडलच्या खिळ्यावर, मधल्या स्टँडच्या स्प्रिंगवर, स्पोकच्या निपलवर उडतं. घरी आल्यावर साध्या पाण्याचा पाइप, जोर न लावता. वाळल्यावर गंजरोधक स्प्रे. कुणीतरी खोबरेल लावायला सांगेल, नका लावू. थंडीत थिजतं आणि डिचोली-सांग्याकडची लाल धूळ त्यावर लेपासारखी बसते. धुळीवरून आठवलं, खाणींच्या ट्रकमागून रोज जायचं असेल तर एअर फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्यात बदला. स्पोकचे निपल वर्षातून एकदा पान्याने हलके फिरवून बघा. जाम झाले तर आउट झालेली रिम सरळ करता येत नाही.

पेट्रोलचं: पंपावर आता २० टक्के इथेनॉल येतं, आणि २०१४ च्या गाडीचे रबरी पाइप, ओ-रिंगा त्याचा विचार करून केलेल्या नाहीत. गाडी लगेच मरत नाही, ॲव्हरेज थोडं पडतं. पण पेट्रोलचा पाइप आणि कार्ब्युरेटरची रबरं नवी घाला. इथेनॉल ओल धरतं, म्हणून मिरगानंतर गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवणार असाल तर टाकी भरून ठेवा आणि कार्ब्युरेटरच्या खालचा स्क्रू ढिला करून त्यातलं पेट्रोल काढून टाका. प्लास्टिकच्या कव्हरात गुंडाळू नका, आत घाम सुटतो. खरं तर उभी ठेवूच नका. आठवड्यातून एकदा इंजिन पूर्ण तापेपर्यंत फिरवून आणा.

टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो, ३५२१ म्हणजे २०२१ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असो, सहाव्या वर्षापुढे मी लांब नेत नाही. तुमच्या गाडीत ट्यूब आहे, म्हणून एक जादा ट्यूब बरोबर ठेवा. आणि क्लचची नवी केबल जुनीच्या शेजारून आधीच ओढून टायने बांधून ठेवा. रस्त्यात तुटली की फक्त दोन टोकं बदलायची, टाकी उतरवायला नको.

विकण्याबद्दल: ९४ हजार किलोमीटर पळालेल्या गाडीला फार भाव मिळेल की नाही शंका आहे, आणि वरची कामं त्यामानाने स्वस्तात होतात. २०२९ मध्ये आरसीला पंधरा वर्षं होतील, तेव्हा फॉर्म २५ भरून नूतनीकरण करावं लागेल. मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत अर्ज द्यायचा. गाडी तपासणीला न्यावी लागते, म्हणून सायलेन्सर आणि चासीवरचा नंबर गंजू देऊ नका. नंबर पुसट झाला की फार खेटे घालावे लागतात.

आता तुम्ही एवढं करा: मल्टीमीटरचे दोन आकडे, उभ्या गाडीचा आणि रेस दिल्यावरचा, आणि हजार किलोमीटरला तेल किती लागलं ते इथेच लिहा. रेक्टिफायरच्या कनेक्टरचा फोटो टाकलात तर आणखी बरं. मग इंजिनाचं काय करायचं ते सांगतो.