जागा वाढवण्याआधी शिक्षकांचा हिशेब
(वाचकांचे प्रश्न)

आरोग्य विज्ञानाच्या महाविद्यालयांतील वाढत्या प्रवेशसंख्येविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी चार या अंकासाठी निवडली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांच्या विनंतीवरून नावे व संस्था दिलेल्या नाहीत. या पत्रांमागची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. २०१४ साली देशात ३८७ वैद्यकीय महाविद्यालये आणि एमबीबीएसच्या ५१,३४८ जागा होत्या. पुढच्या दहा वर्षांत महाविद्यालये जवळपास दुप्पट झाली आणि जागांनी एक लाखाचा टप्पा ओलांडला. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारात १५७ नवी नर्सिंग महाविद्यालये उभारण्यास मंजुरी दिली. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. डॉक्टर आणि परिचारिका यांची गरज खरी असल्याने या वाढीला माझा विरोध नाही. मला चिंता आहे ती या विद्यार्थ्यांना वॉर्डात, रुग्णाच्या उशाशी उभे राहून शिकवणाऱ्या माणसांची.

प्रश्न : मी मराठवाड्यातील एका खासगी नर्सिंग महाविद्यालयाची प्राचार्या आहे. आमच्या बी.एस्सी. नर्सिंगच्या ५० जागा दरवर्षी भरतात आणि अनेकांना परत पाठवावे लागते. पुढील वर्षापासून १०० जागा मागाव्यात असा संस्थेचा आग्रह आहे. आमच्याकडे सध्या १८ अध्यापक आहेत व दरवर्षी त्यांतील तिघे तरी सोडून जातात. अध्यक्ष म्हणतात की आणखी पाच-सहा ट्यूटर (कनिष्ठ अध्यापक) घेतले की भागेल. मी त्यांच्यापुढे नेमके काय मांडावे?

उत्तर : प्राचार्याताई, आपल्या अध्यक्षांचा हेतू चांगला असेल, परंतु त्यांनी केवळ पहिल्या वर्षाच्या वर्गाचा विचार केला आहे. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात एकदा वाढवलेली जागा चार वेळा मोजावी लागते, कारण वाढीव तुकडी दरवर्षी पुढच्या वर्गात सरकते आणि तिच्या मागे तेवढीच मोठी नवी तुकडी येते. नर्सिंग शिक्षणाचे निकष ठरवणाऱ्या भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण दहा विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक असे आहे. आज आपल्याकडे २०० विद्यार्थी आहेत, म्हणजे २० अध्यापक हवेत. आपण आजच दोनांनी मागे आहात. १०० जागा मिळाल्यास पहिल्या वर्षी एकूण विद्यार्थी २५०, मग ३००, ३५० आणि चौथ्या वर्षी ४०० होतील. त्यानुसार अध्यापक अनुक्रमे २५, ३०, ३५ आणि ४० लागतील. दरवर्षी सोडून जाणारे तिघे धरले, तर पहिल्या वर्षी दहा आणि नंतर दरवर्षी आठ, अशा चार वर्षांत ३४ नेमणुका आपल्याला कराव्या लागतील. पाच-सहा आणि चौतीस या दोन आकड्यांतले अंतर एका कागदावर लिहून संस्थेच्या बैठकीत ठेवावे. माझ्या अनुभवात संस्थाचालक तत्त्वांच्या चर्चेपेक्षा अशा कागदापुढे अधिक लवकर थांबतात.

या नेमणुका केव्हा करायच्या, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. बिंदुनामावलीची (आरक्षणानुसार पदांच्या यादीची) तपासणी, जाहिरात, निवड समिती आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मान्यता या सगळ्यांत महिने जातात, आणि विद्यार्थी मात्र ठरल्या दिवशी वर्गात येऊन बसतात. म्हणून वाढीव तुकडीसाठीचा अध्यापक ती तुकडी येण्याच्या आधीच्या वर्षी रुजू झालेला असावा. त्या वर्षाचा पगार संस्थेला वाढीव शुल्काशिवाय द्यावा लागेल. तो देण्याची तयारी नसेल, तर संस्था वाढीसाठी तयार नाही असे मी मानतो.

आता रुग्णालयाकडे येतो, कारण माझ्या मते खरी अडचण तेथेच आहे. वर्गखोलीत ५० ऐवजी १०० मुले बसवता येतात. व्याख्यान तेच राहते. वॉर्डात तसे होत नाही. एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हे प्रमाण धरले आणि एका सकाळी आपल्या दोन वर्गांचे पोस्टिंग (वॉर्डातील प्रत्यक्ष काम) असले, तर आज १०० विद्यार्थ्यांसाठी ३०० रुग्ण दाखल असायला हवेत. शंभरातील ७५ खाटा भरलेल्या असतात असे गृहीत धरल्यास त्यासाठी ४०० खाटा लागतात. जागा दुप्पट झाल्यावर हाच आकडा ८०० होतो. आपल्या स्वतःच्या रुग्णालयात एवढ्या खाटा नसणार, म्हणून आपण जिल्हा रुग्णालयाशी संलग्न असाल. परंतु त्याच जिल्हा रुग्णालयाच्या त्याच वॉर्डात आणखी कोणकोणत्या महाविद्यालयांचे विद्यार्थी येतात, याची यादी मेट्रनकडून (मुख्य परिचारिकेकडून) मागून घ्यावी. प्रत्येक संस्था आपल्या प्रस्तावात तीच खाट आपली म्हणून मोजते. एका प्रसूती कक्षात एका मातेभोवती तीन महाविद्यालयांच्या विद्यार्थिनी दाटीवाटीने उभ्या असलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. त्यांच्यापैकी मागच्या रांगेतील मुलींनी त्या दिवशी काहीच पाहिले नाही, तरी प्रसूती पाहिल्याची नोंद लॉगबुकात झाली. त्या मातेला काय वाटले असेल, हे कोणी विचारलेही नाही. मला ते दृश्य अद्याप विसरता आलेले नाही.

दुपारच्या व रात्रीच्या पाळीत पोस्टिंग लावून ही गर्दी काही प्रमाणात विभागता येते. मात्र त्या पाळीतही अध्यापक सोबत असला पाहिजे. विद्यार्थिनींना स्टाफ नर्सच्या भरवशावर सोडणे हे त्या दोघींवरही अन्याय करणारे आहे. कौशल्य प्रयोगशाळेचेही तसेच आहे. २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमाने सिम्युलेशनला योग्य स्थान दिले, पण पुतळ्यावर कॅथेटर घालायला शिकवताना आठ-दहा जणींचाच गट घ्यावा लागतो. म्हणजे प्रयोगशाळेमुळे अध्यापकांचे तास वाढतात. ती अध्यापकांना पर्याय ठरू शकत नाही.

जे तिघे दरवर्षी सोडून जातात त्यांच्याकडे संस्थेने कधी गांभीर्याने पाहिले आहे का? एम्सच्या नॉरसेट या परिचारिका-भरती परीक्षेतून निवड झालेल्या नर्सिंग ऑफिसरचे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. अनेक खासगी महाविद्यालयांत एम.एस्सी. झालेल्या अध्यापकालाही याच्या जवळपास वेतन मिळत नाही. सोडून जाणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वेतनाबरोबरच आणखी एक गोष्ट त्यांना घालवते, ती म्हणजे कामाचे स्वरूप: सकाळी वॉर्ड, दुपारी वर्ग, संध्याकाळी तपासणीच्या फायली आणि सुटीच्या दिवशी वसतिगृहाची देखरेख. फायली आणि वसतिगृह यांसाठी दोन स्वतंत्र कर्मचारी नेमल्यास अध्यापकांचा पुष्कळ वेळ मोकळा होतो, आणि हा खर्च सतत नवी माणसे शोधण्याच्या खर्चापेक्षा कमी असतो.

आपल्याच माजी विद्यार्थिनींपैकी वॉर्डात शिकवण्याची आवड असलेल्या दोघी-तिघींना एम.एस्सी.साठी पाठवावे, असेही मी सुचवीन. बी.एस्सी.ची चार वर्षे, एक वर्षाचा अनुभव आणि एम.एस्सी.ची दोन वर्षे असा हा सात वर्षांचा मार्ग आहे. आपल्या ट्यूटरपैकी काहींचा पाच वर्षांचा टप्पा आधीच पार झालेला असेल. त्यांना पगारी रजा दिल्यास दोन वर्षांनी त्या परततील तेव्हा मोठी तुकडी नुकतीच वरच्या वर्गांत पोहोचत असेल. बालरोग, प्रसूती, मानसिक आरोग्य व सामुदायिक आरोग्य या विषयांचे तज्ज्ञ अध्यापक नेमके तेव्हाच लागतात.

आपण विचारलेल्या प्रश्नाला थेट उत्तर द्यायचे तर पुढील वर्षी १०० जागा मागू नयेत. आधी अध्यापकांच्या आजच्या दोन रिक्त जागा भराव्यात आणि ६० जागांची मागणी करावी. तेवढ्यासाठी चौथ्या वर्षी २४ अध्यापक लागतील. सोडून जाणारे धरूनही पहिल्या वर्षी सहा आणि नंतर दरवर्षी चार नेमणुका पुरतील. अध्यक्षांनी सांगितलेला पाच-सहाचा आकडा या योजनेत जवळजवळ बरोबर ठरतो, हे त्यांना आवर्जून सांगावे.

प्रश्न : मी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे. गेल्या दोन वर्षांत मला नव्याने सुरू झालेल्या महाविद्यालयात दोनदा प्रतिनियुक्तीवर पाठवण्यात आले. तेथे आम्ही तिघे मिळून संपूर्ण विभाग चालवतो, आणि मूळ महाविद्यालयात आमच्या जागी कोणी नाही. यातून मार्ग आहे का?

उत्तर : डॉक्टर, आपली व्यथा एकट्याची नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या निकषांनुसार १०० जागांच्या महाविद्यालयाला ८५ आणि १५० जागांच्या महाविद्यालयाला ११४ अध्यापक लागतात. हे आकडे शेजारी ठेवून पाहिले की लक्षात येते की विद्यार्थी निम्म्याने वाढतात तेव्हा अध्यापक मात्र सुमारे एक तृतीयांशच वाढतात. व्याख्यानापुरते हे ठीक आहे. पण २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात लहान गटांतील अध्यापन, सुरुवातीपासून रुग्णसंपर्क आणि प्रत्येक कौशल्याचे प्रमाणीकरण यांवर भर आहे, आणि ही कामे विद्यार्थ्यांच्या संख्येइतकीच वाढतात. म्हणजे निकष पूर्ण असतानाही विभागावर ताण असतो. अशा विभागातून एक माणूस उचलला की दोन्ही ठिकाणचे शिक्षण अर्धे राहते.

चेहरा ओळखून व ठिकाणाची नोंद घेऊन होणारी आधार-आधारित हजेरी २०२५ पासून लागू झाली. तपासणीपुरते अध्यापक दाखवण्याची जुनी रीत त्यामुळे कठीण होत चालली आहे, हे मला योग्यच वाटते. परंतु केवळ हजेरीने नवे अध्यापक निर्माण होत नाहीत. त्यासाठी लोकसेवा आयोगामार्फत होणारी पदभरती महाविद्यालय जाहीर होण्याच्या आधी सुरू व्हायला हवी, कारण साडेपाच वर्षे एमबीबीएस, तीन वर्षे पदव्युत्तर शिक्षण आणि एक वर्ष वरिष्ठ निवासी (सीनियर रेसिडेंट) म्हणून काम केल्यानंतर साधारणपणे एक सहायक प्राध्यापक तयार होतो.

आपल्या हातात जे आहे ते असे. प्रतिनियुक्तीच्या आदेशात समाप्तीची तारीख लेखी मागावी. मूळ विभागात आपल्या अनुपस्थितीत कोणते गट, कोणती प्रात्यक्षिके आणि कोणती प्रमाणपत्रे प्रलंबित राहिली, याची मासिक नोंद विभागप्रमुखांच्या सहीने अधिष्ठात्यांकडे पाठवावी. ‘अध्यापक कमी आहेत’ या वाक्यापेक्षा ‘४२ विद्यार्थ्यांचे हे कौशल्य तपासायचे राहिले’ या स्वरूपाची नोंद प्रशासनाला दुर्लक्षित ठेवणे अवघड जाते.

प्रश्न : मी जिल्हा रुग्णालयात अकरा वर्षांपासून स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. आमचे रुग्णालय आता नव्या महाविद्यालयाशी जोडले गेले आहे. मला अध्यापक होता येईल का?

उत्तर : होय, बहुधा येईल. जुलै २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अध्यापक-पात्रतेच्या नियमांनी हा मार्ग खुला केला आहे. २२० किंवा अधिक खाटांच्या शासकीय रुग्णालयात दोन वर्षे काम केलेला पदव्युत्तर पदवीधारक सहायक प्राध्यापक पदासाठी, तर दहा वर्षांचा अनुभव असलेला तज्ज्ञ सहयोगी प्राध्यापक पदासाठी पात्र ठरू शकतो. आपल्या रुग्णालयाची खाटांची मंजूर संख्या आणि आपला अनुभव दाखला आधी तपासून घ्यावा. जैववैद्यकीय संशोधनाचा प्राथमिक अभ्यासक्रम ठरावीक मुदतीत पूर्ण करण्याची अटही या नियमांत आहे, तेव्हा त्याची तयारी आजच सुरू करावी.

या बदलावर टीका झाली आहे. माझे मत मात्र अनुकूल आहे, कारण अकरा वर्षे जिल्हा रुग्णालयात गुंतागुंतीच्या प्रसूती हाताळलेल्या डॉक्टरकडे विद्यार्थ्याला देण्यासारखे पुष्कळ असते. अट इतकीच की अध्यापनासाठी आपला बाह्यरुग्ण विभागाचा भार कमी केला जावा आणि शिकवण्याचे रीतसर प्रशिक्षण आपल्याला मिळावे. तेच बाह्यरुग्ण, तीच शस्त्रक्रियांची यादी आणि वर विद्यार्थी, अशी व्यवस्था झाली तर रुग्ण व विद्यार्थी दोघांनाही आपला अपुरा वेळ मिळेल. रुजू होण्यापूर्वी आठवड्याचे वेळापत्रक लेखी ठरवून घ्यावे.

प्रश्न : माझ्या मुलीला नर्सिंगला प्रवेश घ्यायचा आहे. महाविद्यालयात अध्यापक खरोखर आहेत की नाहीत, हे आम्ही पालकांनी कसे ओळखावे?

उत्तर : माहितीपुस्तिका बाजूला ठेवून तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षाच्या दोन विद्यार्थिनींशी बोलावे. गेल्या आठवड्यात वॉर्डात त्यांच्यासोबत कोण अध्यापक होते, त्यांचे नाव काय आणि ते किती वेळ थांबले, एवढेच विचारावे. गेल्या दोन वर्षांत जागा वाढल्या का, आणि त्यानंतर कोणते नवे अध्यापक आले, हेही विचारावे. शक्य असल्यास कामाच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास संलग्न रुग्णालयात एक फेरी मारावी. गणवेशातील मुली रुग्णाजवळ काम करताना दिसतात की जिन्यात घोळक्याने उभ्या असतात, हे पाहायला कोणाची परवानगी लागत नाही.