डिसेंबरात मनालीला मॅन्युअल गाडी रात्रभर उतारावर लावायची आहे. हँडब्रेक ओढायचा की नाही?

रात्री पारा शून्याखाली जाणार असेल आणि गाडी ओल्या रस्त्यावरून आली असेल, तर ओढू नका. वितळत्या बर्फाचं पाणी मागच्या चाकांच्या ब्रेक-ड्रममध्ये शिरतं आणि लायनर, म्हणजे ब्रेकचा घासणारा थर, ड्रमला चिकटून गोठतो. हँडब्रेकच्या केबलच्या रबरी आवरणाला चीर असली तर पाणी आत उतरून केबलही गोठते. सकाळी दांडा खाली येतो, चाक मात्र सुटत नाही.

आता गिअर. तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. सकाळी चुकून क्लच न दाबता चावी फिरवली तरी गाडीचा हिसका चढाच्या बाजूला बसतो.

पण नुसत्या गिअरवर गाडी सोडू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत गिअर फक्त पुढची दोन चाकं धरतो, आणि तीही डिफरन्शियलमधून, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या जोडणीतून. त्यातलं एक चाक बर्फावर असलं तर ते उलटं फिरतं, दुसरं सुलटं, आणि इंजिन जराही न हलता गाडी खाली घसरते. म्हणून खरा भार चाकाखालच्या अडणीवर यायला हवा.

त्यासाठी डिकीत दोन लाकडी पाचरी ठेवा. बियासच्या पात्रातले गोल गोटे तिथे जागोजागी दिसतील, ते लावू नका, चाक त्यांच्यावरून चढतं. मागच्या दोन्ही चाकांना उताराच्या बाजूने पाचर लावायची. आधी तिथला बर्फ जमिनीपर्यंत खरवडा आणि वाळू टाका, नाहीतर पाचरीसकट गाडी घसरेल. फूटब्रेक दाबून इंजिन बंद करा, गिअर न्यूट्रलला ठेवा, सोबतच्या माणसाला पाचरी लावू द्या. मग ब्रेक हळूहळू सोडा. गाडी इंच-दोन इंच सरकून पाचरीवर टेकली की गिअर टाका. टेकली नाही तर पुन्हा ब्रेक दाबून पाचर आणखी आत सारायची.

स्टेअरिंग असं वळवून ठेवा, की गाडी सुटलीच तर डोंगराच्या भिंतीला जाऊन अडेल. फुटपाथाकडे चाक वळवायचा शहरातला नियम दरीच्या कडेला चालवू नका. खरं तर पाच मिनिटं चालावं लागलं तरी सपाट जागाच शोधा.

निघताना इंजिन सुरू करून गाडी थोडी चढाकडे घ्या, फूटब्रेक दाबून धरा आणि सोबत्याला पाचरी उचलायला सांगा. दगड लावले असतील तर तेही रस्त्यावरून बाजूला टाका, रात्री दुचाकीवाला त्यावर आदळतो.

हँडब्रेक आधीच ओढला गेला असेल आणि मागची चाकं फिरत नसतील, तर ॲक्सिलरेटर देऊन गाडी ओढू नका, लायनर उखडून येतो. पाचरी तशाच ठेवा, मागच्या चाकांवर ऊन येईपर्यंत थांबा, मग पहिला आणि रिव्हर्स आलटून पालटून हलकेच टाकून पाहा. उकळतं पाणी ओतू नका, ते तिथेच पुन्हा गोठतं.