कपाशीच्या पात्यांवरची हिरवट पिल्लं: मावा की मिरीड ढेकूण?

कपाशीच्या पात्यांवर, म्हणजे न उमललेल्या कळ्यांवर, दिसणारी बिनपंखी, हिरवट पिल्लं माव्याची की मिरीड ढेकणाची (हीही रस शोषणारी कीड), असं विचारलंय. आधी चाल बघा. मावा घोळक्यानं एका जागी बसतो, मागच्या टोकाला दोन बारीक नळ्या असतात. मिरीड ढेकणाच्या पिल्लाला त्या नसतात. मिशा लांब, आणि हात लावताच ते सुसाट पळतं. तिरकं चालत असेल तर तो तुडतुडा. मिरीडच्या पिल्लाच्या पाच अवस्था होतात. शेवटच्या दोनमध्ये पंखांचे कोंब स्पष्ट दिसतात, तेव्हाचाच फोटो ओळखायला खरा उपयोगी.

फोटो सकाळी गारव्यात काढा, तेव्हा ती मंद असतात. मोबाइलला चिमट्यानं अडकवायचं मॅक्रो भिंग (जवळचं मोठं दाखवणारं) पुरतं. वरून एक, बाजूनं एक. रस शोषायची सोंड दिसायलाच हवी. अगदी कोवळ्या पिल्लावरून जात ठरवू नका. पात्यासकट डबीत ठेवा, पंख फुटल्यावर पुन्हा फोटो घ्या.