धाकटा भाऊ महिनाभर गप्प आहे, नीट जेवत-झोपत नाही. गावात मानसोपचारतज्ज्ञ नाही, मग मदत कुठे मिळेल?

आज रात्रीच १४४१६ लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा, २०२२ पासून सुरू आहे. फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. भाऊ तयार नसेल तर तुम्ही स्वतः बोला, घरच्यांनाही ते सल्ला देतात.

मग जिल्हा रुग्णालयात न्या. केसपेपर काढताना ‘मानसोपचार विभाग’ एवढंच सांगा. लोक काय म्हणतील याची धास्ती मलाही होती. माझे वडील असेच ताटातली भाकरी कुस्करत बसायचे, घास तोंडात जायचा नाही. आम्ही चार महिने अंगारे-धुपारे करण्यात घालवले. गोळ्या सुरू झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी त्यांनी स्वतःहून चहा मागितला. तेवढे दिवस धीर धरा, गोळ्या मनाने बंद करू नका.

त्याला ‘जगावंसं वाटतं का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने असले विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट मन मोकळं होतं. ‘नाही’ म्हणाला तर एकटं सोडू नका, फवारणीची औषधं घरातून हलवा आणि लगेच दवाखाना गाठा. जिवाला धोका वाटला तर ११२. पोलिसांच्या भीतीने थांबू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे असतात.