टेस्टोस्टेरॉनचे उपचार सुरू करण्यासाठी डॉक्टरांशी काय बोलावे?

सतत थकवा जाणवतो आणि कामेच्छा कमी झाली आहे, तर डॉक्टरांकडून टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) कसे लिहून घ्यावे, असे आपण विचारले आहे. अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांना किंवा मूत्ररोगतज्ज्ञांना भेटावे आणि औषधाची मागणी करण्यापेक्षा लक्षणे स्पष्ट सांगावीत. संकोचामुळे लैंगिक तक्रारी लपवल्या, तर निदानाचा मुख्य धागाच हरवतो.

या संप्रेरकाची पातळी सकाळी सर्वाधिक असते, म्हणून रक्ततपासणी सकाळी उपाशीपोटी आणि दोन वेगवेगळ्या दिवशी करतात. एकूण पातळी दोन्ही वेळा साधारण ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी आणि सोबत लक्षणेही असतील, तरच बहुतेक डॉक्टर उपचारांचा विचार करतात. त्यानंतर एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन या पिट्युटरी ग्रंथीतून स्रवणाऱ्या संप्रेरकांच्या तपासण्यांवरून दोष वृषणांत आहे की मेंदूच्या तळाशी असलेल्या या पिट्युटरी ग्रंथीत, हे शोधले जाते. लठ्ठपणा, झोपेत श्वास अडखळणे किंवा अफूजन्य वेदनाशामके यांमुळेही पातळी घटते, आणि तसे असल्यास आधी मूळ कारणावर उपाय करणे मला अधिक योग्य वाटते.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो: बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉनमुळे शुक्राणूंची निर्मिती घटते, कधी पूर्णपणे थांबते, त्यामुळे अपत्याची इच्छा असल्यास ती पहिल्याच भेटीत सांगावी. उपचार सुरू झाल्यावर हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) आणि पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन) यांची तपासणी नियमित करावी लागते. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांवर गेल्यास औषध थांबवतात किंवा मात्रा कमी करतात.